न उतरलेलं बेट

उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी व्यारा, सोनगढ मागे टाकून नवापूरच्या पुढे निघाली की खिडकीबाहेरचा रंगच पालटतो. उसाची, केळीची हिरवी सपाटी संपते आणि काळे, उघडेबोडके डोंगर सुरू होतात. नंदुरबारच्या आसपास तर माळावरून सरळ रेषेत लांबच लांब गेलेल्या दगडी धारा दिसतात. जमिनीला पडलेल्या भेगांतून वर येणारा लाव्हा वाटेतच थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजून गेला आणि ही टणक भिंत तेवढी उभी राहिली. भूशास्त्रज्ञ तिला डाईक म्हणतात. माझ्या माहेरच्या शेताची एक हद्द म्हणजे अशीच भिंत. लहानपणी तिच्यावर बसून आम्ही बोरं खायचो. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही तिचा दगड कितीतरी वेळ तापलेला असायचा.

सुरतेच्या डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत राहणारे आम्ही खान्देशी बहुतेक याच गाडीनं इकडे आलो. कुणी लूमवर लागलं, कुणी डाईंग मिलमध्ये, कुणी साड्यांना लेस लावायच्या कामावर. श्रावणात कानबाई देवी बसली की गल्लीगल्लीत अहिराणी गाणी सुरू होतात आणि खापरावरच्या पुरणपोळीचा वास सुटतो. मी इथल्या मराठी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर दख्खनच्या पठाराचा नकाशा काढायचा, साधारण 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर, असं सांगायचं आणि पोरांना विचारायचं, तुमच्या गावची माती काळी का? उत्तर सगळ्यांचं पाठ. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिनं उलट मलाच विचारलं, "बाई, मग ती आग विझली का?"

विझली नाही. पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येण्याची ती जागा आजही हिंदी महासागरात आहे, मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन नावाच्या बेटाखाली. शिलाई मशीनची सुई जागच्या जागी वरखाली होते, कापड तेवढं पुढे सरकतं आणि टाक्यांची रांग पडत जाते, तसा आपला देश त्या आगीवरून उत्तरेकडे सरकत आला. पहिला मोठा टाका दख्खनचा. मग लक्षद्वीपच्या खालची डोंगररांग, मालदीव, चागोस, पुढे समुद्रात बुडालेलं मस्करीन पठार, मग मॉरिशस आणि सगळ्यात शेवटी रियुनियन. 1987 साली शास्त्रज्ञांनी या ओळीवर समुद्रतळाला खोल छिद्रं पाडून खडक वर काढले आणि त्यांची वयं मोजली. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना खडक तरुण होत जातात, हे तेव्हा पक्कं झालं. माझ्या माहेरची बोराखालची भिंत आणि रियुनियनचा आजचा लाव्हा एकाच चुलीवरचे आहेत, ही गोष्ट मी कित्येक तुकड्यांना शिकवली. निवृत्तीनंतर यजमानांनी विचारलं, चारधामला जाऊ या का? मी म्हटलं, आधी तिकडे.

गणपतीच्या सुमाराला आम्ही मॉरिशसला उतरलो आणि तिथून जहाजानं रियुनियनला गेलो. दोन बेटांत दोनशे किलोमीटरच्या आसपास पाणी. पहाटे डेकवर आले तेव्हा समोर ढगांच्याही वर एक काळसर शिखर तरंगत होतं. ते पितों द नेज, विझलेला ज्वालामुखी, तीन हजार मीटरहून उंच. जागा असलेला त्याचा धाकटा भाऊ पितों द ला फुर्नेझ आग्नेयेला आहे, 2,600 मीटरच्या वर उंच, आणि जगातल्या सर्वांत जास्त जाग्या ज्वालामुखींत त्याची गणना होते. कित्येक वर्षी तो एकाहून अधिक वेळा फुटतो. आम्ही गेलो तेव्हा तो शांत होता. माझं त्यानं काही अडलं नाही. मला दगड पाहायचा होता.

पूर्व किनाऱ्यावर त्याचा लाव्हा डोंगरउतारावरून थेट समुद्रात जातो. रस्ता त्या प्रवाहांवरूनच काढलेला. लाव्हा येतो, रस्ता गाडतो, लोक पुन्हा रस्ता बांधतात. वाटेत सेंत-रोझजवळ एक छोटं चर्च आहे. 1977 च्या एप्रिलमध्ये गावावर लाव्हा आला, घरं गेली, आणि चर्चच्या दारापर्यंत येऊन तो दुभंगला व दोन्ही अंगांनी निघून गेला. आजही पायऱ्यांशी ती काळी वळकटी तशीच पडलेली आहे. पुढे 2007 च्या मोठ्या उद्रेकाचा प्रवाह लागतो. त्या उद्रेकात शिखरावरचं विवर तीनशे मीटरहून जास्त खाली खचलं. त्या प्रवाहावर मी खाली बसले. दगडाला असंख्य भोकं, वायूचे बुडबुडे निघून गेल्याच्या खुणा. भोकांच्या कडा इतक्या धारदार की बोटाला कापतील. आणि काळ्या दगडात मोहरीएवढे हिरवे, काचेसारखे दाणे: ऑलिव्हिन. आपल्याकडच्या दगडालाही अशीच भोकं असतात. पण ती रिकामी नाहीत. कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून त्यांत पांढरी झिओलाइटं, गारा, कधी हिरवट-गुलाबी स्फटिक भरले आहेत. जळगाव, नाशिककडे विहीर खणताना असे गोळे निघतात आणि पोरं ते खिशात घालून फिरतात. रियुनियनच्या दगडाची घरं अजून मोकळी होती. तिथे अजून कुणी राहायला आलेलं नव्हतं.

ओसाड लाव्ह्यावर पहिलं काय येतं, तेही तिथे दिसतं. आधी करडी दगडफुलं, मग भेगेत नेचे, मग एखादं झुडूप. जिवंत गोष्टी बेटावर उडून, तरंगत, पक्ष्याच्या पोटातून, वादळात सापडून येतात आणि मग परत जाता येत नाही म्हणून तिथल्याच होतात. रियुनियनला बाराऊ पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी आहे. तो जगात फक्त इथे, पितों द नेजच्या माथ्याजवळच्या कड्यांत बीळ करून अंडं घालतो. संध्याकाळी किनाऱ्यावरून आम्ही त्यांना समुद्रावरून परतताना पाहिलं. अंधार पडेपर्यंत ते वाट बघतात, मग एकेक करून दरी चढून वर जातात. पिल्लं पहिल्यांदा समुद्राकडे निघतात तेव्हा गावांच्या दिव्यांनी भुलून रस्त्यांवर पडतात, म्हणून तिथली गावं त्या हंगामात काही रात्री दिवे मालवतात. एका पक्ष्यासाठी अख्खं गाव अंधारात बसतं, हे मला त्या ज्वालामुखीइतकंच मोठं वाटलं.

मॉरिशसला परतल्यावर मात्र कान चकवले. पोर्ट लुईसच्या बाजारात सकाळी साळुंक्यांचा कलकलाट. तोच, आमच्या डिंडोलीतल्या पाण्याच्या टाकीवरचा. बागेत शिपाई बुलबुल. उसाच्या शेतांवरून आपलाच कंठवाला पोपट ओरडत गेला. क्षणभर फार बरं वाटलं, परक्या गावात आपलं माणूस भेटावं तसं. पण साळुंकी 1762 साली फ्रेंचांनी भारतातून तिथे नेली, टोळांचा फडशा पाडायला; बुलबुल 1892 मध्ये पोचला. पोपटही माणसानंच नेला. त्या बेटाचा स्वतःचा पोपट वेगळा, गर्द हिरवा, आखूड शेपटीचा एको पॅराकीट. आपल्या पोपटाचाच फार जुना सोयरा. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात त्याचे जेमतेम दहाबारा पक्षी उरले होते, आणि झाडाच्या ढोलीसाठी त्याला आपल्याच साळुंकीशी नि पोपटाशी भांडावं लागे. त्या बेटाचा ससाणा, मॉरिशस केस्ट्रेल, तर 1974 मध्ये रानात अवघे चार ठाऊक होते. कार्ल जोन्स हा तरुण वेल्श माणूस 1979 मध्ये तिथे पोचला. त्यानं आणि त्याच्या स्थानिक सहकाऱ्यांनी अंडी काढून उबवली, पिल्लं हातानं वाढवली, रानात सोडली. आज ससाणा, पोपट आणि असंच वाचवलेलं तिथलं गुलाबी कबूतर, तिन्ही शेकड्यांत आहेत.

मॉरिशसचे मराठी लोकही असेच जहाजातून आलेले. 1834 पासून गिरमिटावर मजूर न्यायला सुरुवात झाली आणि पुढच्या दशकांत रत्नागिरी, सातारा, सावंतवाडीकडची माणसं मुंबई बंदरातून ऊस तोडायला तिकडे गेली. पोर्ट लुईसमध्ये ती ज्या पायऱ्या चढून आत शिरली, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. कास्कावेलच्या बाजूला समुद्रात विसर्जन होताना मी उभी होते. शेजारी एक आजी होत्या. क्रिओलमध्ये नातवाला दटावत होत्या आणि मधेच मराठीत माझ्याशी बोलत होत्या, जुन्या कोकणी वळणानं.

"तुमी मुंबईच्या काय?"

"नाही आजी, सुरतच्या. मूळच्या खान्देशातल्या."

"म्हंजे तुमीपन गाव सोडलेल्याच," त्या म्हणाल्या आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

आम्ही डिंडोलीचे लोक बाहेरून आलेले, त्या बाहेरून आलेल्या, साळुंकीसुद्धा बाहेरूनच आलेली. हा विचार पुढचे दिवस डोक्यातून गेला नाही. बाहेरून येणं हा गुन्हा नाही. पोटासाठी माणूस जातोच. पण कुणाच्या घरात आपण शिरतो आहोत हे न बघता सोबतचं सगळं तिथे ओतणं, याची किंमत तिथल्या मुक्या जिवांनी मोजलेली असते. ती किती, ते मला उत्तरेच्या बेटांवर कळलं.

मॉरिशसच्या उत्तर टोकापासून छोट्या बोटी त्या बेटांकडे निघतात. पहिलं येतं क्वँ द मीर, समुद्रातून तिरकी उगवलेली पाचर. लाव्हा नव्हे, स्फोटात उडालेल्या राखेचा दाबून झालेला खडक. फिकट-गडद थरांची तिरपी पट्टी कड्यावर स्पष्ट दिसते. त्या कड्याच्या कपारींतून पांढरे ट्रॉपिकबर्ड निघत होते. शरीराहून लांब दोन पिसांची शेपटी वाऱ्यात लवलवते आणि पक्षी कड्यासमोर मागे मागे उडतोय असं वाटतं. एक आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेला की पायाची जाळी दिसली. मग प्लेट आणि गाब्रिएल ही बेटं, जिथे उतरायला परवानगी आहे, जेवण मिळतं, लोक पोहतात. आमच्या बोटीतली मंडळी तिथे रमली. मी नावाड्याला विनवून आणखी पुढे गेले, राउंड आयलंडच्या नजरेच्या टप्प्यात.

तिथे उतरता येत नाही. संशोधक आणि रखवालदार सोडून कुणालाच. बोट दूर थांबली, लाटांवर वरखाली होत राहिली आणि मी दुर्बिणीतून पाहत राहिले. समुद्रातून 280 मीटर वर आलेला ज्वालामुखीचा घुमट, साधारण दोन चौरस किलोमीटरचा, मुख्य बेटापासून 22 किलोमीटरवर. वरून धो-धो पाऊस पडावा आणि माती धुपून नुसती कातळाची कवटी उरावी, तसा उतार. पण त्या कातळात ताडांची हिरवी झुबकी होती. शहरातल्या सोसायट्यांच्या फाटकाशी शोभेला लावतात तो फुगीर बुंध्याचा बाटली पाम, त्याचं मूळ घर हे. जगभरच्या बागांत तो हजारोंनी आहे, आणि त्याच्या या घरी एके काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाडं उरली होती.

कारण शेळ्या आणि ससे. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी ते बेटावर सोडले, वाटेत ताजं मटण मिळावं म्हणून. त्यांनी रोपटं उगवू दिलं नाही. मुळं गेली, मग माती गेली. तिथल्या मातीत राहणारी बिळातली एक बोआ, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला साप, 1975 नंतर कुणाला दिसली नाही. पण या बेटावर उंदीर कधी पोचला नाही, म्हणून मुख्य बेटावरून नाहीसे झालेले कितीतरी सरपटणारे जीव इथे टिकले: टेल्फेअरची सापसुरळी, गुंथरची पाल, दुसरी बोआ. जेराल्ड डरेल हा लेखक-प्राणिप्रेमी सत्तरच्या दशकात इथे आला आणि त्यानं हे जीव वाचवण्याचा ध्यास घेतला. 1979 पर्यंत शेळ्या संपवल्या, 1986 पर्यंत ससे. हळूहळू रोपटी वर आली.

पुढे तिथे काय केलं, ते ऐकून मी नावाड्याला पुन्हा विचारलं. मॉरिशसची मूळ राक्षसी कासवं माणसानं खाऊन केव्हाच संपवली होती. त्यांच्या चरण्यावर वाढलेली झाडं त्यांच्याविना तणात गुदमरत होती. म्हणून 2007 पासून सेशेल्सच्या आल्डाब्रा बेटाच्या वंशाची कासवं राउंड आयलंडवर सोडली. ती तण खातात, बिया पसरवतात, हरवलेल्यांचं काम करतात. बाहेरून आलेलंच, पण विचार करून आणलेलं. दुर्बिणीत मला उतारावर एक काळा गोल ठिपका दिसला. बराच वेळ तो हलला नाही. मग हलला.

पोर्ट लुईसच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. तिथल्याच तिरिऊ नावाच्या एका न्हाव्याला हाडं शोधायचा नाद होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातल्या खबदाडात त्याला हा सांगाडा सापडला, एकाच पक्ष्याचा, जवळजवळ संपूर्ण. गुडघ्याची वाटी, बोटांची बारीक हाडं, सगळं. मी काचेजवळ गेले. पंखाचं हाड माझ्या तळहाताएवढंसुद्धा वाटलं नाही. समोर छाती मात्र भरदार. हा कबुतराच्या कुळातला पक्षी. कधीतरी उडत आला, शत्रू नसलेल्या बेटावर जमिनीवर राहू लागला, उडणं विसरला. 1598 मध्ये डच उतरले. जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं आली आणि जमिनीवरचं एकुलतं अंडं त्यांच्या तोंडी गेलं. 1662 नंतर डोडो पाहिल्याची भरवशाची नोंद नाही. चौसष्ट वर्षं पुरली.

आणि यातले दोन डोडो आमच्या सुरतेत होते. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी 1628 साली सुरतेला उतरला. तुकोबांच्या संसारावर ज्या दुष्काळानं घाला घातला, तोच 1630 चा दुष्काळ त्यानं गुजरातेत डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. त्याच माणसानं सुरतेच्या इंग्रजी वखारीत मॉरिशसहून आणलेले दोन डोडो पाहिल्याचंही नोंदवलं. पुढे 1638 मध्ये तो स्वतः मॉरिशसला गेला तेव्हा त्याला प्रश्न पडला, की उडता येत नाही, पोहता येत नाही, मग हे पक्षी इतक्या दूरच्या बेटावर आले कसे आणि इतरत्र कुठेच का नाहीत? भिन्न जातींच्या मिसळीतून, की हवापाण्यानं दीर्घ काळात रूप पालटून? डार्विनच्या दोनशे वर्षं आधी त्यानं हे विचारलं. त्याच सुमाराचं, जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या हातचं मानलं जाणारं डोडोचं चित्र आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेल्या विश्वासार्ह चित्रांत त्याचा मान मोठा आहे. तपकिरी, मान किंचित उंच केलेला, भोवती इतर पक्षी. त्या चित्रातला डोळा पाहिला की वाटतं, त्याला समोरचा माणूस दिसत होता.

तापीच्या काठावर, भर उन्हाळ्यात, वखारीच्या अंगणात ते दोघे काय खात असतील? कुणी पाणी दिलं असेल? सुरत बंदर जगाचा माल घ्यायचं नि द्यायचं. कापूस आमच्या खान्देशातून यायचा. त्या गर्दीत एका बेटाचं सगळं आयुष्य दोन पायांवर उभं होतं आणि कुणाला ठाऊक नव्हतं की हे संपत चाललंय.

डोडोचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक आपल्याच देशात आहे: निकोबार कबूतर, मानेवर लांब पिसांची झालर, अंगावर हिरवी-तांबूस झळाळी, पांढरी शेपटी. 2002 मध्ये डीएनएच्या तपासणीतून हे नातं उघड झालं. आणि अंदमानच्या पूर्वेला आपली स्वतःची ज्वालामुखीची बेटंही आहेत. बॅरन आयलंड दीडशेहून अधिक वर्षं झोपून 1991 मध्ये पुन्हा जागं झालं. आता त्याच्याभोवती पर्यटकांच्या बोटी फिरवल्या जातात. त्याच्या उत्तरेचं नारकोंडम फार पूर्वीच शांत झालेलं, जेमतेम सात चौरस किलोमीटरचं, आणि तिथला धनेश जगात फक्त तिथेच. पोलिसांच्या चौकीसाठी त्या बेटावरही शेळ्या नेल्या गेल्या होत्या. त्या नंतर हलवाव्या लागल्या. राउंड आयलंडची गोष्ट आपण आपल्या घरी पुन्हा लिहायला निघालो होतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. बॅरनला, नारकोंडमला, कुठल्याही अशा बेटाला बोटीनं जाल तर बोटीतूनच बघा. उतरायचा हट्ट धरू नका, बियांचं फळ, जनावर, झाड, काही नेऊ नका. आणि सुरत महापालिकेला विनंती: तापीकाठच्या किल्ल्यात तुम्ही चांगलं संग्रहालय केलं आहे. तिथे मन्सूरच्या त्या चित्राची एक मोठी प्रत लावा. खाली गुजराती, हिंदी, मराठीत लिहा की हा पक्षी या गावानं जिवंत पाहिला होता. डिंडोलीतल्या शिक्षकांनो, मुलांना तिथे घेऊन जा आणि त्यांना विचारू द्या.